शहर केवढं? महानगरांची लोकसंख्या आणि क्रमवारी स्वतः तपासायची रीत

सांगलीत विश्रामबागेजवळच्या एका अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना भूगोल शिकवतो. मागच्या पावसाळ्यात फळ्यावर एक साधा प्रश्न लिहिला होता: 2011 च्या जनगणनेनुसार कोलकाता देशात लोकसंख्येने कितवं? जतच्या मुलीनं वहीत ‘तिसरं’ लिहिलं, पलूसच्या मुलानं ‘सातवं’. दोघांनी आपापली पुस्तकं उघडून पुढे केली आणि दोघंही बरोबर निघाले. कोलकाता महापालिकेच्या हद्दीत त्या वेळी सुमारे 45 लाख माणसं होती, म्हणून महापालिकांच्या यादीत ते सातवं. हावडा आणि हुगळीकाठची सगळी गावं जोडून जो नागरी समूह होतो, त्यात 1 कोटी 41 लाख माणसं होती, म्हणून समूहांच्या यादीत तिसरं.

त्या मुलीनं मग विचारलं, “सर, मग परीक्षेत लिहायचं काय?” हा लेख तिच्या प्रश्नातून निघाला. लोकसंख्येचा आकडा शहराच्या नावाचा नसतो, हद्दीचा असतो. हद्द कोणी आणि कशासाठी आखली हे कळलं की क्रमवारीतले बहुतेक वाद मिटतात.

पायरी 1: आकडा वाचण्याआधी हद्द विचारा

सांगलीच्या एसटी स्टँडवरून मिरजेच्या वडापमध्ये बसा आणि खिडकीतून बघत चला. विश्रामबाग, वानलेसवाडी, मग मिरज. दुकानं, दवाखाने, मंगल कार्यालयं यांची रांग जवळजवळ तुटत नाही. सांगली कुठे संपली आणि मिरज कुठे लागली, हे नवख्या माणसाला पाटी वाचल्याशिवाय कळणार नाही. कागदावर तर ती दोन शहरं राहिलेलीच नाहीत. 9 फेब्रुवारी 1998 ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महापालिका झाली.

आता सांगलीहून माधवनगरकडे जा. रस्ता तसाच, वस्ती तशीच, पण वाटेत महापालिकेची हद्द संपते. माधवनगरातला माणूस रोज सांगलीत येतो, त्याची मुलं सांगलीत शिकतात, पण महापालिकेच्या आकड्यात तो नाही. 2011 ला महापालिकेची लोकसंख्या 5,02,793 होती. सांगली नागरी समूहाची सुमारे 5 लाख 14 हजार. मधला 11 हजारांचा फरक माधवनगरचा आहे.

कुठल्याही शहराच्या आकड्यामागे साधारण चारपैकी एक हद्द असते. पहिली महापालिकेची किंवा नगरपालिकेची, म्हणजे कायद्यानं ठरलेली. दुसरी नागरी समूहाची, जनगणना खात्यानं सलग वस्ती बघून जोडलेली. तिसरी नियोजनाची, प्रदेश विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीतली. चौथी रोजच्या येण्याजाण्याची, म्हणजे कामासाठी माणसं जिथून शहरात येतात तिथपर्यंतची. मुंबईचं उदाहरण घ्या. बृहन्मुंबई महापालिकेत 2011 ला 1 कोटी 24 लाख लोक होते. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर धरून समूहात 1 कोटी 84 लाख. मुंबई महानगर प्रदेश त्याहून मोठा, सुमारे 6,300 चौरस किलोमीटरचा. त्यात शहरांबरोबर भातशेती, डोंगर आणि खाड्याही आहेत.

गंमत अशी की विरारहून रोज लोकलनं चर्चगेटला जाणारा माणूस 2011 च्या मुंबई नागरी समूहात नाही. वसई-विरार तेव्हा 12 लाखांचं स्वतंत्र शहर म्हणून मोजलं गेलं. भिवंडीही वेगळी मोजली. का, ते पुढच्या पायरीत कळेल.

पायरी 2: जनगणनेची व्याख्या हातानं लावून बघा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून इथे थोडं थांबू.

जनगणना खातं शहरं दोन प्रकारांनी ठरवतं. जिथे महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत किंवा कटक मंडळ (लष्करी छावणीचा कारभार बघणारी संस्था) आहे ते वैधानिक शहर. तिथे लोकसंख्या कितीही असो, ते शहरच. दुसरा प्रकार जनगणना शहराचा. तिथे कारभार ग्रामपंचायतीचाच असतो, पण गावाची लक्षणं शहराची असतात. त्यासाठी तीन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: लोकसंख्या किमान 5,000, घनता दर चौरस किलोमीटरला किमान 400, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के बिगरशेती कामात. मुख्य काम म्हणजे वर्षातले सहा महिने किंवा अधिक केलेलं काम.

समजा, एमआयडीसीच्या शेजारी एक गाव आहे. लोकसंख्या 6,200 आणि क्षेत्र 11 चौरस किलोमीटर. 6,200 ला 11 नं भागलं की घनता येते सुमारे 564. दोन अटी पार. मुख्य काम करणारे पुरुष 1,500, त्यातले शेतीत 420 आणि बिगरशेतीत 1,080. टक्केवारी निघते 72. गाव नापास. 75 टक्क्यांना 1,125 पुरुष लागतात, म्हणजे 45 कमी पडले.

हे 45 पुरुष कोण असतील, ते आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. सकाळी कारखान्यात पाळी करून संध्याकाळी उसाला पाणी सोडणारा माणूस प्रगणकाला ‘शेती’ सांगतो, कारण सातबारा त्याच्या नावावर आहे. त्याच्या उत्तरानं गाव ग्रामीण राहतं. माझ्या मते ही अट आता जुनी झाली. शेती आणि नोकरी दोन्ही सांभाळणारी घरं कृष्णाकाठी इतकी आहेत की एकाच रकान्यात ती बसत नाहीत. पण नियम आहे तो असा, आणि आकडा वाचताना तो लक्षात ठेवावाच लागतो. आणखी एक गोष्ट: 2011 ची जनगणना शहरांची यादी मोजणीच्या आधीच, 2001 च्या आकड्यांवरून तयार झाली होती. मधल्या दहा वर्षांत बदललेली गावं त्यामुळे जुन्याच ओळखीनं मोजली गेली.

आता नागरी समूह. एखादं शहर आणि त्याला लागून झालेली वाढ, किंवा एकमेकांना खेटून असलेली दोन-तीन शहरं, अशी सलग वस्ती म्हणजे समूह. त्यात किमान एक वैधानिक शहर हवं आणि सगळे घटक मिळून लोकसंख्या किमान 20,000 हवी. ‘लागून झालेली वाढ’ म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर, शेजारच्या गावाच्या महसुली हद्दीत पडणारी रेल्वे वसाहत, विद्यापीठाचा परिसर, लष्करी तळ किंवा पक्के रस्ते, नळ, गटारं, बँक, दवाखाना असलेली वस्ती. व्याख्येत येजा करणाऱ्यांचा कुठेही उल्लेख नाही. वस्ती सलग आहे का, एवढंच बघितलं जातं. वसई-विरार आणि मुंबईच्या मध्ये खाडी आहे. लोकलनं किती माणसं ती रोज ओलांडतात, हा प्रश्न ही व्याख्या विचारतच नाही.

हे घरच्या मैदानावर तपासायचं असेल तर कराड बघा. कृष्णा-कोयनेच्या संगमाचं कराड आणि दक्षिणेला हायवेच्या अंगाला मलकापूर. कारभार दोन, वस्ती सलग. साताऱ्यात शाहूपुरी आणि विलासपूरचे लोक वर्षानुवर्षं ‘आम्ही साताऱ्याचे’ म्हणत आले, पण 2011 ला सातारा नगरपालिकेचा 1,20,195 हा आकडा त्यांना धरून नव्हता. 2020 ला हद्दवाढ झाली आणि ते नगरपालिकेत आले. पुढच्या जनगणनेत साताऱ्याचा आकडा वाढलेला दिसेल, तेव्हा त्यातली वाढ किती आणि हद्दवाढ किती, हे वेगळं काढावं लागेल.

पायरी 3: ‘महानगर’ हा शब्द कोणत्या अर्थानं आलाय ते बघा

रोजच्या बोलण्यात महापालिका झाली की शहर महानगर होतं. राज्यघटनेत तसं नाही. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या अनुच्छेद 243-पी नुसार 10 लाख किंवा अधिक लोकसंख्येचं, एक किंवा अधिक जिल्ह्यांत पसरलेलं, दोन किंवा अधिक नगरपालिका, पंचायती किंवा लगतचे भाग मिळून बनलेलं आणि राज्यपालांनी अधिसूचनेनं जाहीर केलेलं क्षेत्र म्हणजे महानगर क्षेत्र. महाराष्ट्रात महापालिकेसाठी साधारण 3 लाखांची अट आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका आहे, पण घटनेच्या अर्थानं महानगर क्षेत्र नाही. 2011 ला देशात 10 लाखांवरचे समूह आणि शहरं मिळून 53 होती, 2001 ला 35. महाराष्ट्रातली सहा: मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, आजचं छत्रपती संभाजीनगर आणि वसई-विरार.

पायरी 4: त्या आकड्यावर पैसा अवलंबून आहे का, तपासा

व्याख्या हा पुस्तकी खेळ वाटत असेल तर केंद्र सरकारी नोकरीत असलेल्या ओळखीच्या माणसाची पगारपावती बघा. घरभाड्याच्या भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत: 50 लाखांवर एक्स, 5 ते 50 लाख वाय, त्याखाली झेड. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यापासून हे दर मूळ पगाराच्या 30, 20 आणि 10 टक्के आहेत. 2011 च्या जनगणनेवर आधारलेली यादी 1 एप्रिल 2015 पासून लागू झाली. तिच्यात सांगली झेडमधून वायमध्ये गेली आणि पुणे वायमधून एक्समध्ये.

पुणे महापालिकेची 2011 ची लोकसंख्या 31 लाख होती, म्हणजे एकट्या पुण्याला एक्स वर्ग मिळालाच नसता. पिंपरी-चिंचवडचे 17 लाख आणि कटक मंडळं धरली तेव्हा समूह 50 लाख 57 हजारांवर गेला आणि रेषा ओलांडली. सांगलीनं 5 लाखांची रेषा महापालिकेच्या हद्दीत अवघ्या 2,793 माणसांनी ओलांडली. 1998 ला तिन्ही शहरं एक झाली नसती आणि जनगणनेत वेगवेगळी मोजली गेली असती, तर मिरजेच्या रेल्वे कर्मचाऱ्याच्या पगारपावतीवर आज वेगळा आकडा असता. शिकवताना मी हे उदाहरण कधीच गाळत नाही, कारण हद्दीची रेघ माणसाच्या घरापर्यंत कशी पोचते ते यात दिसतं.

पायरी 5: तुलना करताना क्षेत्रफळ शेजारी ठेवा

सांगली मोठी की कोल्हापूर, हा वाद आमच्याकडे वर्गातही होतो आणि लग्नाच्या पंगतीतही. 2011 चे महापालिकांचे आकडे: कोल्हापूर 5,49,236, सांगली 5,02,793. कोल्हापूर पुढे. पण कोल्हापूरची हद्द 66.82 चौरस किलोमीटर, 1972 ला महापालिका झाली तेव्हाचीच. सांगली-मिरज-कुपवाडची 118.18. भागाकार केला तर कोल्हापूरची घनता येते सुमारे 8,220 आणि सांगलीची सुमारे 4,250. म्हणजे जवळपास निम्म्या जागेत कोल्हापूरनं जास्त माणसं सामावली आहेत. तिथल्या हद्दवाढीचा प्रश्न वर्षानुवर्षं का पेटत राहिला आहे, ते या एका भागाकारात कळतं. शेजारची गावं जोडली तर कोल्हापूरचा आकडा एका रात्रीत उडी मारेल आणि त्या दिवशी एकही नवा माणूस राहायला आलेला नसेल.

याचं टोकाचं उदाहरण चीनमधलं. ‘जगातलं सगळ्यांत मोठं शहर चोंगछिंग, 3 कोटींवर लोकसंख्या’ असं अधूनमधून वाचायला मिळतं. 2020 च्या जनगणनेत चोंगछिंगची लोकसंख्या 3 कोटी 20 लाख होती, हे खरं. पण त्या ‘शहराचं’ क्षेत्रफळ 82,400 चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त. आत तालुके, डोंगर, भातखाचरं सगळं आहे. नाव शहराचं, हद्द प्रांताची.

पायरी 6: जागतिक यादी वाचताना तिची रीत आधी शोधा

संयुक्त राष्ट्रांच्या 2018 च्या अहवालात टोकियो 3 कोटी 70 लाखांसह पहिलं होतं आणि दिल्ली दुसरी. जकार्ता तेव्हा 1 कोटी 5 लाखांच्या आसपास, बरंच खाली. नोव्हेंबर 2025 च्या अहवालात जकार्ता जवळजवळ 4 कोटी 20 लाखांसह पहिलं आलं, ढाका सुमारे 3 कोटी 70 लाखांसह दुसरं आणि टोकियो 3 कोटी 30 लाखांसह तिसरं. सात वर्षांत जकार्ता चौपट झालं का? नाही. मोजायची रीत बदलली. आधी देशोदेशीची सरकारं आपापल्या व्याख्येनं जे आकडे देत, त्यांवर बरंचसं अवलंबून राहावं लागे. आता सगळ्या जगाला एकच फूटपट्टी लावली.

ती फूटपट्टी अशी. नकाशावर एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचे चौकोन पाडायचे. ज्या चौकोनात किमान 1,500 माणसं राहतात असे एकमेकांना लागून असलेले चौकोन जोडत जायचे. जोडलेल्या चौकोनांत मिळून किमान 50,000 माणसं भरली तर ते शहर. जिल्हा, राज्य, महापालिका या रेघा इथे बघितल्याच जात नाहीत. जकार्ताच्या प्रांताबाहेर पसरलेली सलग वस्ती त्यामुळे आत आली. ही पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं मार्च 2020 मध्ये मान्य केली.

चौथ्या प्रकारची, येण्याजाण्याची मोजणी युरोपात आणि अमेरिकेत चालते. युरोपात शेजारच्या गावातल्या काम करणाऱ्यांपैकी किमान 15 टक्के माणसं शहरात कामाला जात असतील तर ते गाव त्या शहराच्या क्षेत्रात धरतात. अमेरिकेत कौंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, हा घटक आणि अट 25 टक्क्यांची. ही रीत आपल्याकडे लावायची झाली तर अंकलीचा पूल ओलांडून जयसिंगपूरचाही विचार करावा लागेल. जयसिंगपूर कोल्हापूर जिल्ह्यात, पण तिथून सांगलीला कामाला येणारे कमी नाहीत.

पायरी 7: मूळ तक्त्यापर्यंत जा

इतकं वाचल्यावर स्वतः तक्ता उघडायला हरकत नाही. जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर 2011 चे तक्ते विनामूल्य आहेत. शहरं आणि समूह आकारानुसार लावलेला ए-4 तक्ता घ्या. त्यात 1901 पासूनचे आकडे मिळतात. आपल्या जिल्ह्यासाठी जिल्हा जनगणना पुस्तिका बघा. तिच्या पहिल्या भागात गावांची आणि शहरांची माहिती असते, दुसऱ्या भागात लोकसंख्येचे प्राथमिक आकडे.

तक्त्यात नावापुढे इंग्रजी आद्याक्षरं असतात आणि सगळी किल्ली त्यांच्यातच आहे. ‘यूए’ म्हणजे नागरी समूह, ‘एम कॉर्प’ महापालिका, ‘एम सीएल’ नगरपालिका, ‘सीटी’ जनगणना शहर, ‘ओजी’ लागून झालेली वाढ, ‘सीबी’ कटक मंडळ. मुलं चुकतात ती इथेच. ‘सांगली’ शोधतात, पहिला आकडा सापडला की वहीत उतरवतात आणि त्यापुढचं आद्याक्षर उतरवत नाहीत. मी आता नियमच केला आहे: आद्याक्षराशिवाय आकडा लिहिला की अर्धा गुण गेला.

पायरी 8: वर्ष लिहा, आणि मोजणी की अंदाज ते लिहा

देशात 2021 ची जनगणना झाली नाही. म्हणजे 2011 नंतरचा भारतातल्या कुठल्याही शहराचा आकडा मोजलेला नाही, काढलेला आहे. अंदाज वाईट नसतो, पण तो अंदाज म्हणूनच लिहावा. सांगली महापालिकेची लोकसंख्या 2001 ला सुमारे 4 लाख 37 हजार होती आणि 2011 ला 5 लाख 3 हजार, म्हणजे दशकात 15 टक्के वाढ. हाच वेग पुढे धरला तर 2021 ला सुमारे 5 लाख 78 हजार येतात. गणित बरोबर आहे, पण वेग तोच राहिला हे आपण गृहीत धरलंय. एका यादीतलं एक शहर 2011 च्या मोजणीवर आणि दुसरं 2025 च्या अंदाजावर असेल तर त्या क्रमवारीला अर्थ नाही. अशा याद्या मी वर्गात वापरू देत नाही.

दोन दशकांची तुलना करताना हद्द तीच होती का, हेही बघा. पुणे महापालिकेत 2017 ला 11 गावं आली आणि 2021 ला आणखी 23. चेन्नईची हद्द ऑक्टोबर 2011 मध्ये, म्हणजे मोजणीनंतर काही महिन्यांतच, 174 वरून 426 चौरस किलोमीटर झाली. म्हणून 2011 च्या तक्त्यात चेन्नई महापालिका 46 लाखांवर दिसते आणि समूह 86 लाखांवर. आजच्या चेन्नईच्या हद्दीला तो 46 लाखांचा आकडा लावता येत नाही.

पुढच्या जनगणनेसाठी आत्ताच करून ठेवायची टिपणं

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे आणि गावं, शहरं, तालुके यांच्या हद्दी 31 डिसेंबर 2025 ला गोठवायच्या ठरल्या. त्यानंतर झालेली हद्दवाढ 2027 च्या आकड्यात दिसणार नाही. आपल्या शहराचं एक पान आत्ताच तयार ठेवा. वर शहराचं नाव आणि 31 डिसेंबर 2025 ची हद्द. खाली 2011 चे आकडे, प्रत्येकापुढे आद्याक्षर. त्याखाली 2011 नंतर हद्दीत आलेल्या गावांची नावं आणि त्या गावांची 2011 ची लोकसंख्या. नवा आकडा जाहीर झाला की तुलना करण्यापूर्वी 2011 च्या आकड्यात या गावांची बेरीज मिळवायची. मग जो फरक उरेल ती खरी वाढ.

जतच्या त्या मुलीनं तिच्या वहीत कोलकात्यापुढे आता असं लिहिलंय: ‘2011, मोजणी. एम कॉर्प: 45 लाख, क्र. 7. यूए: 1 कोटी 41 लाख, क्र. 3.’ परीक्षेत प्रश्न येईल तेव्हा ती आधी प्रश्नात ‘समूह’ हा शब्द आहे का, ते बघेल.